डॉस गेलं, विंडोज आलं

डॉस मला तोंडपाठ होतं. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर कमांड मारायची, एंटर दाबायचं, काम फत्ते. परळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी तशीच बिलं काढायचे आणि त्या पगारावर लालबागच्या आमच्या खोलीतली चूल पेटायची. संपानंतर वडिलांची गिरणी पुन्हा उघडलीच नव्हती.

एके सोमवारी ऑफिसात जाऊन बघते तर माझ्या मशीनवर विंडोज. साहेब म्हणाले, आठ दिवसांत जमलं तर ठीक, नाहीतर दुसरी मुलगी बघतो. म्हणजे मी काय मेथीची जुडी, नाही आवडली की बदलून घ्यायला?

शिकवायला एक टायवाला आला. शिकवतोय कसला डोंबल! माउस स्वतःच्याच हातात धरून हे असं, हे असं, झालं, की दुसऱ्या टेबलावर. मी हात पुढे केला की म्हणे, मॅडम, नुसतं बघा, सोपं असतं. तो गेल्यावर मी धरला, तर टेबल संपायचं आणि पडद्यावरचा बाण अर्ध्यातच. माउस उचलून परत मागे ठेवायचा असतो, हे त्या शहाण्याने सांगितलंच नव्हतं. मी आपली डबा-बिबा बाजूला सारून जागा करतेय. घरी गेले की वडील विचारायचे, जमलं का गो? मी त्यांच्यावरच खेकसायचे.

एका संध्याकाळी डॉसच्या सवयीने सरळ बटण बंद करून निघाले. सकाळी मशीन निळा पडदा दाखवून तपासणी करत बसलं आणि साहेबांनी सगळ्यांदेखत माझी बिनपाण्याने केली. टायवाला मागे उभा राहून हसत होता. अंगाची नुसती लाही लाही झाली. तो पुढे होऊन माउस धरायला लागला, तसा मी त्याच्या हातातून ओढून घेतला.

"आता हात खिशात घाला. मी करणार, तुम्ही फक्त तोंडाने सांगायचं."

घाबरला मेला, पण शिकवलंन. मुदतीच्या आत बिल काढून मी साहेबांच्या टेबलावर आपटलं. तर म्हणतात कसे, बघा, तुम्ही उगाच चिडत होतात!

घरी येऊन भांडी आदळत मी साहेबांचा, टायवाल्याचा, विंडोजचा, सगळ्यांचा उद्धार केला. आठ दिवसांत शिक म्हणे, ही काय माणसाशी वागायची रीत झाली? वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुला शिक म्हणून सांगितलं तरी गो," ते म्हणाले. "नवीन मशिनं आणतो, शिकून घ्या, असं आम्हाला गिरणीत कोणी म्हटलं असतं, तर आम्ही शिकलो नसतो काय?"