लायसनवरचा फोटो

आमच्या कारखान्याच्या भिंतीवर माझा फोटो आहे. कारखाना म्हणजे जालन्याच्या मस्तगडातली भाड्याची एक खोली, पुढे ओटा आणि मागे मोरी. फोटो लायसनवर आहे आणि ते लायसन काचेत घालून दारासमोर लावलं आहे, कारण येणाऱ्या माणसाला ते दिसलं पाहिजे असा नियम आहे म्हणे. पीठ चाळताना मान वर केली की मीच माझ्याकडे बघत असते. डोक्यावर पदर, तोंड मिटलेलं, जशी काही कोणाच्या घरातून काही उचलताना सापडले. त्या फोटोपायी माझी थोरली जाऊ घर सोडून जायला निघाली होती. त्यात माझं काय चुकलं ते मला अजून नीट समजलेलं नाही. लिहून काढलं तर समजेल असं वाटतं.

थोरल्या जावेला मी आक्का म्हणते. धावड्याहून लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी येत होती, चौथीपर्यंतचं लिहिणं-वाचणं येत होतं, पण चार माणसांत बोलता येत नव्हतं. अजूनही येत नाही. दारात कोणी आलं की बोलायचं आक्कानं आणि मागून पाण्याचा तांब्या आणायचा मी, अशी आमची वाटणी होती. आमचे दोघींचे नवरे, दोघे भाऊ, मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने बाहेर असतात. पोरांच्या शाळेसाठी आम्ही दोघी जालन्यात राहिलो. पापडाचा धंदा आक्कानं काढला. मी तिच्या हाताखाली.

उडदाचं पीठ भिजवायचं, तेल लावून बत्त्यानं कुटायचं, दोऱ्यानं कापून लाट्या पाडायच्या. पहिली लाटी आक्का तोंडात टाकायची. डोळे मिटून चघळायची आणि ‘हं’ म्हणायची. त्या ‘हं’शिवाय कोणी पोळपाट पुढं ओढत नसे. लाटायला येणाऱ्या शेजारच्या बायकासुद्धा हात मांडीवर ठेवून तिच्या तोंडाकडे बघत बसायच्या. कधी ती म्हणायची, पापडखार कमी हाय, नाहीतर मिरी झोपली. मग पुन्हा कुटणं.

ज्या दुकानदाराला आम्ही माल देतो, त्यानं एक दिवस सांगितलं की पाकिटावर लायसनचा नंबर नसेल तर तो यापुढे पापड ठेवणार नाही. आक्कानं मला तिचं आधारकार्ड दिलं आणि ऑनलाइनची कामं करणाऱ्याकडे पाठवलं. लायसन तिच्याच नावावर काढायचं होतं. त्यात बोलण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून आम्ही ते बोललोही नाही. ऑनलाइनवाला म्हणाला, आधी धंद्याची नोंद, मग खाण्याच्या वस्तूंचं लायसन, दोन्ही एकाच नावावर. त्यानं आक्काचा नंबर टाकला आणि ओटीपी विचारला. आक्काच्या आधारला जो मोबाइल जोडलेला आहे तो तिच्या नवऱ्याजवळ असतो, आणि ते मेंढरांमागं डोंगरात होते. फोन लागेना. मागं माणसं खोळंबली होती. तो म्हणाला, “तुमचा मोबाइल आहे ना? मग तुमच्या नावानं करतो. काय फरक पडतो, घरचंच आहे.”

मला वाटलं, खरंच, काय फरक पडतो. मी मान हलवली. त्यानं माझा आधार नंबर घेतला आणि तिथंच माझा फोटो काढला.

लायसन आलं, काचेत बसवलं. आक्काला वाचता येत नाही, पण फोटो कोणाचा आहे ते कळायला वाचता यावं लागत नाही. ती बराच वेळ बघत राहिली. मी ओटीपीचं सांगायला लागले, पण माझ्या तोंडून ते असं काही निघालं की मलाच खोटं वाटलं. ती म्हणाली, “जित्या माणसाचा फोटू भिंतीला लावत असतेत का गं? हार आणू का?”

बायका हसल्या. मीही हसले. मग पाहिलं तर आक्का हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं कमरेची चावी काढून माझ्यापुढं ठेवली. ज्याचं दुकान त्याच्याजवळ चावी, एवढंच म्हणाली. त्यानंतर ती सकाळी माझ्यामागून यायची आणि मी कुलूप काढेपर्यंत ओट्याखाली उभी राहायची. मला ‘तुम्ही’ म्हणायला लागली. एकदा सगळ्या बायकांसमोर विचारलं, मालकीणबाई, उद्या सुट्टी पायजे, द्यायची का न्हाई ते सांगा. सुट्टी द्यायची असते ती कशी देतात? मी पीठ चाळत राहिले, तर ती म्हणाली, बिलकुल बोलत न्हाईत, पक्क्या मालकीण झाल्यात.

त्या दिवसांत पहिली लाटीही तिनं माझ्याकडे सरकवली.

“तुम्ही चाखा. फोटू तुमचा हाय.”

मी चाखली. मीठ लागलं, हिंग लागला. चव बरी वाटली. पण त्यात काय शोधायचं असतं ते मला माहीत नव्हतं. बायका हात मांडीवर ठेवून आता माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी आक्काकडे पाहिलं, ती दोऱ्याचा गुंता सोडवत होती. मी ‘हं’ म्हटलं. खार जास्त झाला की निघतात तसे ते पापड भाजल्यावर लालसर निघाले. तरी तसेच पाकिटांत भरले. माल दुकानात गेला.

पुढच्या आठवड्यात तपासणीचे साहेब आले. मालक कोण, म्हणून त्यांनी विचारलं. सवयीनं मी आक्काकडे पाहिलं. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“फोटो तर यांचा आहे.”

“त्याच मालकीण हायेत,” आक्का म्हणाली. “मी रोजानं हाय.”

साहेबांनी काही विशेष केलं नाही. बायकांनी डोक्याला टोप्या घालाव्यात, मोरीचं झाकण बसवावं असं सांगितलं आणि तपासायला त्याच लालसर पापडांची उरलेली पाकिटं सील करून नेली. माझी सही घेतली. सही करताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की ‘रोजानं’ हा शब्द ती बोलली कसा. संध्याकाळी तिनं पिशवी भरायला काढली. अंकुशनगरला साखर कारखान्याजवळ तिची बहीण आहे, तिथं ऊसतोड चालू होती. “रोजानंच राबायचं तं उसात राबते,” म्हणाली. “तिथं लोक नवीन असतेत, मला कोणी वळखत न्हाई.”

मग मी जे कधी केलं नव्हतं ते केलं. एकटी वकीलबाईंकडे गेले. त्या दरवर्षी आमचे पापड नेतात. त्यांच्या दारात मी एवढा वेळ उभी राहिले की त्यांनीच, आत या, कोणी मारलं का, असं विचारलं. मी म्हटलं, मारलं नाही, लायसन जावेच्या नावावर करायचं आहे. त्यांनी सांगितलं, ते नुसतं फिरवता येत नाही, तिच्या नावानं नवीन काढावं लागेल. नाहीतर दोघी भागीदार व्हा, तसं स्टॅम्पवर लिहून देते. मग त्या विचारत गेल्या. माल कोण आणतं? आक्का. पापड बरोबर झाला हे कोण ठरवतं? आक्का. तिला पगार देता का? नाही, दोघी एकाच डब्यातून घेतो. सही कोणाची? माझी.

“मग मालक कोण?” त्या म्हणाल्या.

“तेच विचारायला आले.”

त्या हसल्या, पण वाईट नाही. म्हणाल्या, पगार नाही म्हणजे ती कामगार नाही. कागद नाही म्हणजे ती मालकही नाही. मी म्हटलं, मग ती कोण? त्या म्हणाल्या, त्यासाठीच तर लोक कोर्टात येतात. कायद्याला पीठ कोणी मळलं ते दिसत नाही, नाव दिसतं. कोणाला पापड बाधला, पाकिटात काही निघालं, तर नोटीस माझ्या नावानं येणार आणि हजर मीच राहायचं. मला वाटत होतं, ज्याचं सगळे ऐकतात तो मालक. या म्हणत होत्या, ज्याला धरतात तो.

घरी येताना आमच्या मेंढरांचं डोक्यात आलं. दोघा भावांची मेंढरं एकाच कळपात चरतात, फक्त कानाची खूण वेगळी. पण लांडगा आला तर दोघंही उठतात, खूण बघत बसत नाहीत. पापडाला कान नसतो.

आक्काची पिशवी दाराजवळ बांधून ठेवलेली होती. मी चपला न काढताच वकीलबाईंचं सगळं सांगून टाकलं. एका दमात एवढं मी तिच्याशी कधी बोलले नसेन. भागीदारीचं तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. धरण्याचं आलं तेव्हा थांबली.

“म्हंजी पापड बिघडला तं तुला धरतेत?”

“हो.”

“मला न्हाई?”

“तुमचं नावच नाही कुठं.”

तिनं ताट घेतलं, जेवली, झोपली. मला वाटलं, आता नक्की जाणार.

सकाळी मी कुलूप काढलं तर ती मागं होती, पिशवी नव्हती. पीठ कुटून झालं, लाट्या पडल्या. मी पहिली लाटी उचलणार तेवढ्यात तिनं ती माझ्या हाताखालून ओढली आणि तोंडात टाकली. डोळे मिटले. मग तोंड वाकडं केलं.

“खार बघ किती झालाय. घशाला लागून राह्यलाय. असलं पीठ घालून बसली अन् उद्या कोर्टात उभं केलं तं? तुला बोलता तरी येतं का तिथं?”

मी नाही म्हटलं.

“मंग? आण पीठ इकडं.”

त्या दिवशी दुपारपर्यंत नुसतं कुटणं चाललं. साहेबांनी नेलेल्या पाकिटांचा रिपोर्ट पुढं आला, त्यात काही दोष निघाला नाही. म्हणजे ते लाल पापड कायद्याला चालले. आक्काला चालले नसते. यातलं कोणाचं खरं मानायचं?

भागीदारीचं मी तिला पुन्हा विचारलं, लायसन नवीन काढताना तिच्या नावावर काढू का तेही विचारलं. ती लाट्या कापत होती, वर पाहिलं नाही.

“राहू दे तुझंच. तुला धरून नेलं तं भाकरी मी करीन. मला नेलं तं पीठ कोण चाखंल?”

बायका हसल्या. या वेळी आक्काही हसली. ती टोमणा मारत होती की सांभाळून घेत होती, ते विचारायचं माझ्या तोंडी आलं होतं, पण लाट्या वाळायला लागल्या होत्या. मी पोळपाट पुढं ओढला. चावी मात्र अजून माझ्याकडेच आहे, आक्का ती परत मागत नाही, आणि मी स्वतःहून कशी द्यायची ते मला कळत नाही.