लाटेपलीकडे शिसं

मंदाताई ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत जन्मल्या, वाढल्या. लग्न होईपर्यंत तिघरा धरणापेक्षा मोठं पाणी त्यांनी पाहिलं नव्हतं. सासरी सगळे फौजी, पण नवरा जयसिंहराव दीपगृहावर नोकरीला लागलेला. त्यामुळे ग्वाल्हेरची ही मुलगी थेट कोकणातल्या एका टेकाडावर संसार मांडायला गेली.

तिथे शेजार नव्हताच. दिवा लावायच्या आधी जयसिंहराव किनाऱ्यावर गळ टाकायचे. लांब काठी, रीळ आणि तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्याच्या, टोकाला लिंबाएवढं शिसं. हलकं वजन लाटा परत वाळूवर आणून टाकत, आणि मासा तर लाट फुटते त्याच्या पलीकडे. मंदाताई रोज बघत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "मला द्या."

जयसिंहरावांची बोटं इतक्या वर्षांत घट्टे पडून राठ झालेली, त्यामुळे बोट जपायला सांगायचं त्यांना सुचलंच नाही. मंदाताईंनी सगळं बळ लावून काठी फिरवली आणि तर्जनीवर अडवून धरलेला तंगूस सुरीसारखा बोटातून गेला. रक्ताची धार लागली. घाबरले ते जयसिंहराव. मंदाताई विचारत होत्या, "शिसं कुठवर गेलं?"

दुसऱ्या दिवशी जयसिंहरावांनी आपल्या जुन्या बुटाची जीभ कापली, तेल चोळून मऊ केली आणि दाभणाने तिची बोटात घालायची टोपी शिवली. तंगुसाच्या पुढे जाड तंगूस जोडून दिला. "जोडाची गाठ बोटाखाली येऊ द्यायची नाही. आणि टोपीशिवाय काठीला हात नाही लावायचा." पुढे मंदाताईंचं शिसं त्यांच्यापेक्षाही लांब जाऊ लागलं. भेटेल त्याला ते कौतुकाने सांगत.

मूलबाळ झालं नाही. जयसिंहराव गेले, तशा मंदाताई भावाच्या घरी छावनीत परत आल्या. इथे समुद्राचं कुणाशी बोलणार? दिवेलागणीला पाय आपोआप गच्चीकडे वळायचे, एवढंच.

दिवाळीच्या साफसफाईत भावाच्या नातीला, सोनिकाला, माळ्यावर चादरीत गुंडाळलेली काठी सापडली.

"आत्याआजी, ये क्या है?"

मंदाताईंनी सांगितलं. टोपी दाखवायला गेल्या, तर वाळून पापड झालेलं चामडं हातातच तडकलं. त्या तुकडे घेऊन बसून राहिल्या.

"रहने दो ना, मी अशीच फेकून बघते. एकदाच."

"अजिबात नाही!" मंदाताईंनी तर्जनीवरचा पांढरा व्रण तिच्यापुढे धरला. बोलून झाल्यावर त्यांनाच जाणवलं, आवाज तर जयसिंहरावांसारखा लागला.

सोनिकाच्या जुन्या पर्सचं चामडं कापून त्यांनी नवी टोपी शिवली. रविवारी सकाळी दोघी बिर्लानगरला बंद गिरणीमागच्या मोकळ्या मैदानात गेल्या. गळ काढून ठेवलेला, नुसतं शिसं. सोनिकाचं शिसं चार पावलांवर धप्पकन पडलं. फिरायला आलेल्या एका गृहस्थाने विचारलं, "अम्माजी, यहाँ मछली कहाँ मिलेगी?"

"मछली नहीं भैया, हाथ आजमा रहे हैं. ज़रा पीछे हो जाइए."

मग मंदाताईंनी काठी घेतली. टोपी चढवली, गाठ बोटापासून दूर सरकवली, पाय रोवले. तंगूस सणसणत सुटला आणि शिसं मैदानाच्या पार टोकाला धुरळा उडवत पडलं. सवयीने त्यांनी डावीकडे पाहिलं. जयसिंहराव नेहमी तिथे उभे असत. आता तिथे सोनिका आ वासून उभी होती.

"आजी, कितना दूर!"

मंदाताई हळूहळू रिळावर तंगूस गुंडाळत राहिल्या.

परतताना मात्र स्कूटरवर मागे बसून त्या बोलू लागल्या. खारा वारा, रात्रभर फिरणारा दिवा, पहिला रावस लागला तेव्हा जयसिंहराव कसे वाळूत नाचले होते ते. छावनीतली गल्ली आली. सोनिकाने वळण घेतलं नाही, स्कूटर सरळ पुढे नेली.

"फिर क्या हुआ, आजी?"