तळ्याकाठचं जेद्दा

आमच्या हिच्या मामांइतका एकाच गावावर अखंड बोलणारा दुसरा माणूस अमेरिकेच्या पन्नास राज्यांत कुठे निघाला, तर मी माझं ग्रीन कार्ड परत करायला तयार आहे. बरं, ते गाव त्यांचं चिपळूण असतं तर समजण्यासारखं होतं. आपल्या गावाबद्दल माणूस बोलतोच, आम्हीही बोलतो, आणि समोरचाही स्वतःची पाळी येईपर्यंत ऐकून घेतो. पण मामांचं गाव म्हणजे जेद्दा. सौदी अरेबियातलं, लाल समुद्राकाठचं, हजच्या यात्रेकरूंचं जुनं बंदर. तिथे मामांनी उमेदीची सगळी वर्षं नोकरी केली, आणि आता ते न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला मुलीकडे राहतात, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. म्हणजे देहाने राहतात. बाकीचे मामा अजून जेद्दालाच आहेत, आणि ते एकटे तिथे राहायला तयार नाहीत, ही खरी आमची अडचण.

आमच्या वसाहतीत एक तळं आहे. तळं म्हणायचं ते आपलं मन मोठं म्हणून. पावसाचं पाणी जाण्यासाठी बिल्डरने खणलेला तो एक खड्डा आहे, आणि त्याच्या काठाने बदकं घाण करत हिंडत असतात. मामांच्या लेखी हा लाल समुद्र. त्यांच्या नातीने एकदा, "आजोबा, दॅट्स अ ड्रेनेज पॉन्ड," म्हणून त्यांना भानावर आणायचा प्रयत्न केला होता. "हिला अजून समुद्र ओळखता येत नाही," असं म्हणून मामांनी माझ्याकडे कीव करण्याच्या अपेक्षेने पाहिलं. कीव मला आलीच, पण वेगळ्या माणसाची.

दर उन्हाळ्यात इथे घरोघरी भारतातून आई-वडील येतात. मुलं-सुना ऑफिसला गेल्या की या मंडळींना दिवस खायला उठतो. गाडी चालवता येत नाही, शेजारी कोणाकडे न कळवता जायची सोय नाही. मग ती साडीखाली स्नीकर्स आणि उन्हाळ्यातसुद्धा कानटोपी घालून चालायला बाहेर पडतात आणि अलगद मामांच्या तावडीत सापडतात. मामा टोपी घालून तळ्याशी उभेच असतात. "जेद्दा पाहिलंय का?" असा पहिलाच प्रश्न. साताऱ्याहून कालच आलेला, अजून झोप न उतरलेला माणूस कशाला जेद्दा पाहतोय? तो नाही म्हणतो आणि संपतो. पुढचा तासभर त्याला तळ्याच्या कडेने, टपालपेट्यांच्या रांगेवरून, क्लबहाउसला वळसा घालून त्या जुन्या शहराची पायी सफर घडते.

टपालपेट्या म्हणजे सोन्याचा बाजार. कचऱ्याचे डबे ठेवतात ते आवार म्हणजे मसाल्यांची गल्ली, आणि तिथे मामा सगळ्यांना दीर्घ श्वास घ्यायला लावतात. क्लबहाउस म्हणजे एका बड्या व्यापाऱ्याची हवेली, जिच्या दारात कडुनिंब आहे. "एके काळी अख्ख्या गावात हे एकच झाड. लोक पत्ता सांगताना 'झाडाचं घर' म्हणायचे," असं मामा सांगतात. क्लबहाउससमोर आहे मेपल. नागपूरच्या एका निवृत्त हेडमास्तरांनी त्याचं पान चावून पाहिलं आणि अमेरिकेत कडुनिंब गोड लागतो, असा निष्कर्ष काढला. तो त्यांनी घरी फोन करूनही कळवला.

घरांची कथा तर विचारूच नका. जेद्दाची जुनी घरं समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडाची, त्यांना लाकडी जाळीचे उंच सज्जे. आमची घरं प्लास्टिकच्या पट्ट्यांची. तरी मामा एकाच्या भिंतीला टिचकी मारून, "बघा, पोवळं कसं वाजतं," म्हणाले. आतून एक गोरी बाई बाहेर आली आणि काही मदत हवी आहे का, असं इथे पोलिसांना बोलावण्याआधी विचारतात त्या स्वरात तिने विचारलं. "नो नो मॅडम, वी आर ओन्ली सीइंग बाल्कनी," मामा म्हणाले. तिच्या घराला बाल्कनी नव्हती. वसाहतीच्या कमिटीकडे तक्रार गेली आणि निस्तरायला मला जावं लागलं, कारण मामांचा जावई असल्या वेळी कायम मीटिंगमध्ये असतो.

या सफरीला रोज न चुकता एक माणूस असायचंच, ते म्हणजे मामी. सगळ्यांच्या मागून, हातात पर्स घेऊन त्या चालायच्या आणि मामांचं काही राहिलं तर आठवण करून द्यायच्या. "अहो, अत्तरवाला राहिला." "अहो, तिथे पायऱ्या आहेत ना, सांगा त्यांना." मामा मग मागे फिरून अत्तरवाला दाखवायचे. मला आधी वाटलं, ही दोघं तिथे जोडीने राहिली असतील. पण मामींनी जेद्दा कधी पाहिलंच नव्हतं. मामांच्या पगाराच्या माणसाला तिथे कुटुंब नेता येत नसे. मामी मुलीला घेऊन चिपळूणला राहिल्या, आणि मामा दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर यायचे. फोन परवडत नसे. म्हणून मामा शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन जुन्या गावात फिरायचे, जे दिसेल ते बोलून भरायचे, आणि कोणी कोकणात येणारा भेटला की त्याच्याबरोबर ती कॅसेट पाठवून द्यायचे. मामींनी त्या कॅसेटी घासून गुळगुळीत होईपर्यंत ऐकल्या. रेडिओची कॉमेंट्री ऐकून क्रिकेट शिकलेल्या माणसासारखं त्यांचं झालं होतं. सगळं पाठ होतं. फक्त एकदा तिथे जायचं राहिलं होतं, आणि ते त्या येईल-जाईल त्याला सांगायच्या.

शेवटी त्यांच्या मुलीने ते मनावर घेतलं. चिपळूणला एका भाच्याचं लग्न होतं. तिने तिकिटंच अशी काढली, की जाताना जेद्दाला दोन दिवस मुक्काम. मामींना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याच दिवशी नवे बूट आणले आणि ते सैल करायला त्या घरात घालून वावरू लागल्या. मामांना मात्र त्या दिवसापासून एकेक व्याधी जडायला लागली. पाठ धरली. मग कानात शिट्टी वाजू लागली. पुढे, "डिसेंबरात तिकडे फार उकडतं," असं ते म्हणाले, आणि ते बर्फ झाडताना म्हणाले. मग पासपोर्ट हरवला. दोन्ही घरांची माणसं शोधत होती. तो पोह्यांच्या डब्यात तळाशी सापडला, आणि मामींनी तो पुसून आपल्या पर्समध्ये ठेवला.

माझा स्वभाव असा, की कुणी काही लपवतंय म्हटलं की मला अन्न गोड लागत नाही. मी इंटरनेटवर जेद्दाच्या जुन्या गावातून कुणीतरी चालत काढलेला तासाभराचा व्हिडिओ लावला आणि चहा घेऊन बसलो. अहो, काहीही जुळेना. मामांच्या जेद्दात बाजार संपला की वेशीतून समोर समुद्र दिसतो. व्हिडिओत बाजार संपतो ती वेस मक्केच्या रस्त्यावर उघडते आणि समुद्र राहतो पार पाठीमागे. झाडाचं घर भलतीकडे, मसाल्यांची गल्ली भलतीकडे. खोटं सांगत नाही, मला उकळ्या फुटल्या. इतकी वर्षं ऐकून घेतल्याचं व्याज आता वसूल करायचं, असं ठरवून मी दुसऱ्या दिवशी मामांना तळ्याकाठच्या बाकावर एकटं गाठलं आणि विचारलं, "काय हो मामा, समुद्र नक्की कुठल्या बाजूला?"

मामांनी एकदा माझ्याकडे, एकदा तळ्याकडे पाहिलं. "तुम्ही बघितलंत वाटतं," ते म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची नोकरी गावाबाहेर, एअर कंडिशनरच्या सुट्या भागांच्या गोदामात. खोलीवरून गोदामात आणि गोदामातून खोलीवर, तेही कंपनीच्या गाडीने. जुन्या गावात ते गेले असतील फार तर माल उतरवायला, आणि ड्रायव्हर लगेच हॉर्न वाजवायचा. शेजारच्या खाटेवर एक मलबारी स्वयंपाकी होता, तो तिकडे कामाला जायचा. तो सांगेल त्यावर आपल्या मनचं थोडं घालून मामा खाटेवर बसल्या बसल्या गाव फिरायचे आणि टेप भरायचे.

"ती विचारायची, तिकडे काय काय आहे म्हणून. काय सांगू तिला, गोदाम?" मामा म्हणाले. "ती तिकडे एकटीने सगळं ओढत होती. म्हटलं, निदान नवरा चांगल्या ठिकाणी आहे एवढं तरी वाटू दे. आता तिथे नेऊन उभं केलं, तर एका मिनिटात कळेल तिला की मी जन्मभर थापा मारल्या. तुम्ही पोरीला सांगा ना, जावईबापू. कॅन्सल करायला लावा. तुमचं ऐकते ती."

व्याज वसूल करायला गेलो होतो, मुद्दलही सोडून दिलं. मी उठलो, घरी आलो आणि खरोखरच मामांच्या मुलीला फोन केला. मामांची तब्येत, आखातातलं वातावरण, जे सुचेल ते सांगितलं. "भाओजी, आई बूट घालून झोपायची बाकी आहे," ती म्हणाली, "आता काही कॅन्सल होणार नाही." एअरपोर्टला मीच सोडलं त्यांना. मामी पुढे झपाझप चालत होत्या, आणि मामा ट्रॉलीमागून शिक्षा भोगायला निघाल्यासारखे येत होते. मला त्या माणसाचं तोंड बघवेना.

तीन आठवड्यांनी ते परत आले, त्या संध्याकाळी मी काहीतरी निमित्त काढून गेलोच. मामा खाली मान घालून आमटी-भात जेवत होते. काय बोलणं झालं असेल दोघांत, याचा मला अंदाज येईना. मामींनी लाडवाची बशी माझ्यापुढे ठेवली आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "हे सांगायचे ना, अगदी तस्संच आहे हो सगळं. काही बदललं नाही." मामा जेवतच राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. थंडी कडाक्याची, पाहुणे आई-वडील केव्हाच भारतात परतलेले. तरी मामांची सफर निघाली. ऐकायला मामी आणि मी. मामांची चाल बदलली होती, पण मार्ग तोच होता, आणि समुद्रही पूर्वीच्याच जागी, समोर होता. ते जरा पुढे गेल्यावर माझ्याने राहवेना. मी हळूच म्हणालो, "मामी, समुद्र मागे असतो ना हो?"

"असतो की," मामी म्हणाल्या. "पण हे खोलीतूनच बोलतात, ते मला पहिल्या कॅसेटीपासून ठाऊक होतं. हे म्हणायचे, मी आता भर बाजारात उभा आहे, काय ही गर्दी. आणि मागे पंखा कुरकुरत असायचा. कधी कोणीतरी घोरायचंसुद्धा."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"आठवड्याची एक सुट्टी मिळायची. ती झोपेत घालवायची सोडून हे माझ्यासाठी गाव फिरत बसायचे. त्यांना काय बोलू मी?"

"पण मग तिथे जायचा हट्ट कशाला धरलात? मामा किती घाबरले होते, माहीत आहे तुम्हाला?"

"मी ते गाव जन्मभर पाहिलं," मामी म्हणाल्या. "यांनीच पाहिलेलं नव्हतं. दोन दिवस मी यांना पायी सगळीकडे हिंडवलं. त्या झाडाखाली उभे राहिले आणि किती वेळ वर बघत होते."

पुढून मामांचा आवाज आला, "इथून गर्दी वाढते बरं का, हात धरून चला." मामींनी पर्स माझ्या हातात दिली आणि त्या भराभर पुढे गेल्या. रस्त्यावर आम्हा तिघांशिवाय कोणी नव्हतं.