अमेरिकाबाईची घोडी

नाटक आम्ही एकदाच केलं, तेही जेमतेम तासाभराचं. किस्से मात्र अजून वाढतायत. परवा कारंज्याच्या एसटीत शेजारच्या अनोळखी बाईंनी मला माझ्याच नाटकाचा किस्सा रंगवून सांगितला. त्यात खऱ्या बंदुका होत्या आणि पोलिसांची गाडीही आली होती! मी त्यांना अडवलं नाही. जिच्यावर नाटक होतं, तिचंही असंच झालं होतं.

ही बाई दीडेकशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पश्चिम भागात होऊन गेली. काळा मखमली झगा घालून, कमरेला पिस्तुलं लावून घोडा दौडवायची, घोडेचोरांना घरात आसरा द्यायची, तुरुंगातही जाऊन आली. मेल्यावर पेपरवाल्यांनी तिच्या नावावर एवढे दरोडे लिहिले, की ते घालायला तिला सात जन्म पुरले नसते. तिकडं शिकत असताना मी तिच्या प्रेमातच पडले. शिक्षण संपवून केनवडजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा डोक्यात एकच ध्यास होता: महिला दिनाला आपल्या बचतगटाच्या बायका हे नाटक करणार!

तिचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना. शेवटी 'अमेरिकाबाई' असं बारसं झालं.

*

पहिल्या दिवशी विहाराच्या अंगणात मी सगळी गोष्ट सांगितली. दरोडे, पाठलाग, तुरुंग. सगळ्या माझ्याकडं एकटक बघत होत्या. मला वाटलं, भारावल्या!

मग अंगणवाडीच्या शेवंताबाई म्हणाल्या, "ते सगळं ठीक हाय पोरी. पन ती घोड्यावर फिरे, तवा घरी सैपाक कोन करे?"

"ते काही मला माहीत नाही."

"म्हंजे तुले मेन गोष्टच मालूम नाई!"

हशा ओसरल्यावर कोपऱ्यातून नंदानं विचारलं, "ताई, घोडा तिचा सोताचा होता?"

"बहुतेक चोरीचा."

"असू द्या. बसे त तीच ना!"

नंदा लग्न होऊन या गावात आली, तेव्हापासून तिचा प्रवास घर ते वावर एवढाच, तोही नवऱ्याच्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर. अमेरिकाबाई तीच करणार, हे तिथल्या तिथं ठरलं.

*

अडचण होती नंदाच्या सासूबाईंची. कौसल्याबाईंचा शब्द घरातच काय, गल्लीतही कुणी ओलांडत नाही. मी परवानगी मागायला गेले.

"नाटक करा ना, मी कायले नाई म्हनू?" त्या म्हणाल्या. "पन घोडीवर नवरदेव बसते. सुनेनं बसाचं नाई. बसली, त या घरात याचं नाई!"

मग मी सुरू झाले. समता, संविधान, जगभरच्या बायकांचे लढे. परदेशात परिषदेत बोलले नसेन इतकं छान बोलले. कौसल्याबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं? आता च्या घे. घसा सुकला असन तुवा."

नंदा दारापर्यंत सोडायला आली. "जाऊ द्या ताई. मी लगाम धरून घोडीसंगं पायीच चालतो. तेवढं त चालते आत्याबाईले." ती हसत होती, पण दाराची कडी तिनं उगाचच दोनदा लावली आणि काढली.

*

झग्याची मखमल मंडपवाल्याकडून आणली. पिस्तुलं दिवाळीची, टिकल्यांची. शेरीफ म्हणजे तिकडचा फौजदार. ती भूमिका शेवंताबाईंकडे. आवाज दणदणीत! वाक्य एवढंच: "हात वर कर! चाल तुरुंगात!"

पहिल्या तालमीला त्या गरजल्या, "हात वर कर! चाल तुरुंगात!" आणि लगेच हळू आवाजात, "जेवली का?"

मी समजावलं, शेरीफ गुन्हेगाराला जेवणाचं विचारत नसतो.

"दारात उभ्या मानसाले न इचारता कसं नेऊ?"

"शेवंताबाई, ती बँक लुटून आलीय!"

"म्हूनच त म्हनतो. दमली असन!"

*

खरा दंगा झाला शेवटच्या प्रवेशावर. अमेरिकाबाई घोड्यावरून घरी निघालेली असताना कुणीतरी मागून गोळी घातली आणि ती गेली. मी हे सांगताच अख्खा बचतगट उठून उभा राहिला. आपली बाई मरणार नाही!

"अहो, हा इतिहास आहे," मी म्हटलं.

शेवंताबाईंनी डोळे बारीक केले. "मारनारा कोन होता?"

"तो कधी सापडलाच नाही."

"मी शेरीफ असून मले सापडला नाई?" त्यांचा अपमानच झाला. "मंग आधी तपास होऊ द्या. तवर बाई जित्ती राह्यते!"

म्हणून आमच्या नाटकात ती मेली नाही. शेवटी घोडी घेऊन मैदानाला एक फेरी मारते आणि पडदा, असं ठरलं.

*

घोडी मंगरूळपीरहून आली. रहीमचाचांची चांदणी, पांढरीशुभ्र, उभा जन्म लग्नाच्या वरातीत गेलेला. चाचांनी आधीच बजावलं, "देखो बेटा, ये शादी की घोडी है. बाजा बजेगा तो नाचेगी. और दरवाजे पे कोई औरत थाली लेके खडी दिखी, तो वहीं रुकेगी. पैर पे पानी डाले बगैर, चना खिलाए बगैर हिलेगी नहीं."

मी म्हटलं, "चाचा, नाटकात थाळी कोण आणणार!"

"मैंने बता दिया," चाचा म्हणाले.

*

महिला दिनाला दुपारी शाळेचं मैदान भरून गेलं. कौसल्याबाई तेवढ्या आल्या नाहीत. शेवंताबाईंनी भर नाटकात "जेवली का?" विचारलंच, आणि त्यालाच सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या!

शेवटचा प्रवेश. डफडं घुमू लागलं तशी चांदणी नाचायला लागली. नंदा लगाम धरून उभी. ती घोडीकडं पाहत राहिली. मग माझ्याकडं पाहिलं. आणि स्टेजच्या काठावर पाय ठेवून टुणकन वर!

अख्खं मैदान ओरडलं. चांदणीला वाटलं, वरात निघाली! मैदानाची फेरी राहिली बाजूला, ती थेट गेटातून रस्त्यावर. मागं चाचा, त्यांच्या मागं डफडेवाले, त्यांच्या मागं शेरीफ, आणि शेरीफच्या मागं सगळा गाव.

नंदाचं घर त्याच रस्त्यावर. कसला गलबला म्हणून कौसल्याबाई दारात आल्या. डाळ निवडता निवडता उठलेल्या. हातात थाळी!

चांदणी थांबली. चुचकारलं, ओढलं, हलेना. डफडं बंद पडलं. वर काळ्या मखमलीत नंदा, डोक्यावर टोपी, कमरेला पिस्तुलं. खाली सासूबाई. नंदा हळूच म्हणाली, "उतरतो, आत्याबाई."

कौसल्याबाई वळून आत गेल्या. आता दार लागणार, असं मला वाटलं.

त्या बाहेर आल्या त्या पाण्याचा तांब्या आणि थाळीत कुंकवाचा करंडा घेऊन. घोडीच्या पायांवर पाणी घातलं. थाळीतली हरभऱ्याची डाळ तिला चारली. मग मान वर करून नंदाला म्हणाल्या, "टोपी काढ. कुकू कुठं लावू?"

नंदानं टोपी काढली, वाकली. कुंकू लागलं. ती रिकिबीतून पाय काढू लागली, तशा कौसल्याबाई कडाडल्या,

"उतरून कायले राह्यली? दारातून घोडी वापस फिरवत नाईत. मारोतीच्या देवळाले चक्कर मारून ये. त्याबिगर या घरात याचं नाई!"