टोप पालथा घालण्याआधी

“टोप पालथा घालशील, त्याआधी बाहेर जाऊन हाक मार.”

सगुणा हे इतक्या वेळा म्हणायची की तळवाडीतल्या सुना कमरेवर हात ठेवून, भुवया चढवून तिची नक्कल करायच्या. तिला ते ठाऊक होतं. “करा गो नक्कल,” ती म्हणायची, “पण हाक विसरलात तर बघा.”

नाटे गावाच्या अलीकडे जांभ्या खडकाचा सडा समुद्राकडे उतरतो, तिथे खाली माडांत ही वाडी आहे. वाडीची एक रीत आहे. कुणाच्याही घरी पंगत उठली, लग्नाची असो की म्हाळाची, की रांधणारी बाई खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला जाते आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, “कोण ऱ्हायलंय काय?” कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली असते. कुणी गुरांमागे गेलेला असतो. कुणी भांडण धरून आलेला नसतो. त्यानेही “मी ऱ्हायलोय” म्हटलं तर त्याचं पान वाढायचं, आणि जेवून होईपर्यंत भांडणाचं नाव काढायचं नाही. मग कुठूनतरी उत्तर येतं, “सगळी जेवली!” आणि तेव्हाच टोप पालथा घातला जातो.

सगुणा पाली गावाहून लग्न होऊन इथे आली. सासूच्या हाताखाली रांधायला शिकली, सासू गेल्यावर वाडीची हाक तिच्या गळ्यात आली. नवरा बोटीवर खलाशी होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. राग मात्र भरपूर होता. इतरांचा राग चढतो तसा आवाज चढतो. सगुणाचा आवाज खाली जायचा, विहिरीतून आल्यासारखा व्हायचा, आणि समोरचा माणूस आपोआप एक पाऊल मागे घ्यायचा.

सड्यावर रिसॉर्ट झालं तेव्हा पाहुण्यांना कोकणी चव हवी म्हणून तिला बोलावणं आलं. पहिले काही दिवस ती खुश होती. केवढं ते स्वयंपाकघर! मॅनेजर गौरव पुण्याचा, तिशीतला, बोलायला गोड. त्याने सगळं कौतुकाने दाखवलं. शहाळ्यात बांबूच्या नळ्या. पिशव्या कागदाच्या. प्रत्येक खोलीत चिठ्ठी, टॉवेल रोज धुवायला टाकू नका, निसर्गाला मदत करा. दारात मोठी पाटी होती, तीवर हिरव्या पानाचं चित्र.

मग तिने जेवणाची तऱ्हा बघितली. नियम असा, की जेवणाची वेळ संपेपर्यंत प्रत्येक भांडं काठोकाठ भरलेलं दिसलं पाहिजे. शेवटचा पाहुणा हात धुवायला उठला तरी पुलाव ओतत राहायचं. “रिकामं भांडं दिसलं की पाहुण्याचं मन उतरतं, काकी,” गौरव म्हणाला.

“आणि भरलेलं उरतं त्याचं काय करता?”

त्याचं काय करतात ते बाबल्याने दाखवलं. बाबल्या वाडीतलाच, नात्याने तिचा दीर, रिसॉर्टच्या भांड्यांवर कामाला. तो उरलेलं सगळं मागच्या अंगणात नेऊन मोठ्या पिंपात ओतायचा. भात, पनीर, गुलाबजाम, सगळं एकत्र. आणि वरून काळं फिनेल.

सगुणाने नाकाला पदर लावला. “हे कशाला रे मेल्या?”

“कुणी उचलू नये म्हणून, वयनी. नायतर आपली माणसं मुद्दाम जास्त रांधतील नि घरी नेतील, असं त्यांचं म्हणणं.”

“आणि तू ओततोस?”

“ओततो. नाय ओतलं तर दुसरा ओतेल, नि मी घरी बसेन.”

पिंप सड्याच्या कडेला एका खड्ड्यात रिकामं व्हायचं. जांभा दगड म्हणजे चाळण. वर ओतलेलं खाली झिरपल्याशिवाय राहत नाही. मागच्या पावसाळ्यात तळवाडीच्या विहिरीला फिनेलचा वास आला होता, तेव्हा बायका एकमेकींना विचारत होत्या, कुणी कपडे धुतले गो विहिरीवर? कुणी धुतले नव्हते.

सगुणाने त्या दिवसापासून आपल्यापुरता मार्ग काढला. तिच्या घावण्यांचं, काळ्या वाटाण्याच्या उसळीचं माप ती हाताने आवरून धरायची. गौरव ओरडला की म्हणायची, “आणखी हवं तर गरम करून देते, थांबूदे पाहुण्याला जरा.” तिच्या टोपातलं पिंपात जवळजवळ काही जात नसे. बाकीच्या भांड्यांकडे ती बघत नसे. बघितलं असतं तर तिथे टिकलीच नसती.

शिमग्याच्या आधल्या आठवड्यात रिसॉर्टवर एक मोठं लग्न आलं. मुलीकडच्यांना ओल्या काजूची उसळ हवी होती, सगळ्या वऱ्हाडाला पुरेल एवढी. ओला काजू सोलणं म्हणजे काय, ते ज्याने सोललाय त्यालाच विचारावं. सालीचा चीक बोटांना लागला की कातडी जळते, काळी पडते, मग सापाच्या कातीसारखी निघते. हाताला राख आणि खोबरेल चोळून तळवाडीच्या बायका बसल्या. बाबल्याच्या घरची दर्शना, दर्शनाची जाऊ, आणखी घरोघरच्या. असा काजू कोणी घरी खात नाही, तो विकायचा असतो.

सगुणा गौरवला म्हणाली, “बायका बोटं जाळून घेतायत. लग्न उरकलं की उरलेलं त्यांना बसवून वाढायचं. कबूल असेल तर काजू वेळेवर येईल.”

“कबूल, काकी. माझा शब्द.”

तिने तो शब्द खाली वाडीत नेला. दर्शना हसली. “आम्ही सोललेलं आम्हीच खाणार? अगो, बोटं बरी असती तर टाळ्या वाजवल्या असत्या.”

लग्नाच्या दुपारी सगुणाने रांधलं तसं तिने आयुष्यात रांधलं नव्हतं. ओलं खोबरं, थोडा गूळ, आमसूल, आणि दुधाळ, कोवळे काजू. पण वऱ्हाडाला सात तऱ्हांचं जेवण होतं. चिनी, इटलीचं, पंजाबी. लोकांनी प्रत्येकातलं चिमूटभर घेतलं, फोटो काढले, ताटं तशीच टेबलांवर ठेवून नाचायला गेले. उसळीचा एक मोठा टोप पुरता भरलेला राहिला. झाकणाखाली वाफ होती.

सगुणा मागच्या कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी गेली. खाली माडांचे शेंडे दिसत होते. तिने तोंडाशी हात धरला. “कोण ऱ्हायलंय काय?”

खालून दर्शनाचा आवाज आला, “आम्ही सगळ्या ऱ्हायलोय गो!” आणि हसू.

बायका डोक्यावर पदर घेऊन पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढू लागल्या. तेवढ्यात गौरव आला, कानाला फोन. त्याने खाली बघितलं, टोपाकडे बघितलं. “काकी, आज नको. मुलीकडचे अजून आवारात आहेत. मागच्या दाराला गावाची रांग लागलीय असं कुणी बघितलं तर दिसतं कसं? आणि कुणाला बाधलं तर कंपनी मला धरेल.”

“दोन वाजता पाहुण्याला चाललं. तीन वाजता गावाला बाधेल?”

“वाद घालू नका.”

“तुमचा शब्द होता.”

“परिस्थिती बदलली. बाबल्या, ओत.”

बाबल्या फिनेलचा कॅन घेऊन उभा. पाखाडीवरून पावलं ऐकू येत होती.

“बाबल्या,” सगुणा म्हणाली. आवाज खाली गेला होता. “त्या तुझ्या घरातल्या बायका येतायत.”

“वयनी, माझ्याकडे नको बघू.”

“तुझ्याकडेच बघतेय.”

त्याने मान फिरवली आणि ओतलं. पांढऱ्या काजूंवरून काळा ओघळ फिरला आणि सगळं दुधट, गढूळ झालं.

दर्शना फाटकात आली ती वासानेच थांबली. मागच्या बायका तिच्यावर आदळल्या. दर्शनाने टोपात डोकावून बघितलं आणि आपली सोललेली बोटं पदरात घेतली, जणू तिचंच काही चुकलं होतं. ते सगुणाला सोसलं नाही.

“धर गो टोपाचा कान,” ती दर्शनाला म्हणाली. झाकण घालून दोघींनी टोप उचलला. गौरव आडवा आला. “कुठे नेताय?”

“बाजूला व्हा. सांडलं तर तुमच्या बुटांवर सांडेल.”

तो बाजूला झाला. दोघी टोप घेऊन पुढच्या हिरवळीवर गेल्या. तिथे मुलीकडची माणसं कॉफी पीत बसली होती. टोप मधोमध ठेवला, झाकण काढलं. नवरीचा मामा नाक मुरडून उठला. “हा कसला वास?”

“तुमच्या लेकीच्या लग्नातली उसळ आहे,” सगुणा म्हणाली. “ह्या बायकांनी सोललेली. त्यांना मिळू नये म्हणून तीत फिनेल घातलंय. तुमच्या पैशाचं आहे, म्हणून तुमच्यापुढे आणलं. बघून घ्या.”

मामाने टोपात बघितलं, मग दर्शनाच्या हाताकडे. त्याने कप खाली ठेवला. “गौरव, हे काय आहे?”

“सर, हे सगळीकडे असंच...” गौरव धावत आला होता. मग तो सगुणाकडे वळला. “काकी, उद्यापासून येऊ नका.”

“उद्याचं कोण बोलतंय? बाबल्याला सांगून ठेवा, हा टोप मी घासणार नाही.”

तिने कमरेचा एप्रन सोडला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि मागच्या फाटकाने पाखाडी उतरू लागली. पुढे ती, मागे रिकाम्या हाताच्या बायका. ती तोंडातल्या तोंडात शिव्या देत होती, रिसॉर्टला, कंपनीला आणि दिराला. दर्शनाने तिचा दंड धरायला हात पुढे केला, तर तिने तो हळूच झिडकारला. त्या बोटांना लागू नये एवढ्या हळू.

गडग्यापाशी बाबल्या उभा होता. ती माडांत शिरेपर्यंत तो बघत राहिला. हातांना फिनेल होतं, म्हणून त्याने डोळे खांद्याला पुसले.