पाच स्पीकर आणि धानाचे कट्टे

भंडारा जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी आमच्या करडीच्या घरातही वाटणी झाली. टीव्ही हॉलमध्ये राहिला आणि बाबा बाहेर सपरीत, म्हणजे ओसरीत गेले. भांडण काही नव्हतं. टीव्हीवरची माणसं काय बोलतात ते त्यांना समजेनासं झालं होतं, आणि दर वाक्याला "काय म्हणे?" विचारायची त्यांना लाज वाटायची. आम्ही आत हसायचो, ते एकटे रस्त्याकडे बघत बसायचे. मला ते फार लागायचं.

म्हणून मी, मोहाडीच्या तहसील कार्यालयातला बाबू, भंडाऱ्याहून होम थिएटर आणलं. पाच स्पीकर आणि वूफर नावाचा एक डब्बा. दुकानदाराने कागदावर चित्र काढून दिलं. दोन स्पीकर पुढे, एक टीव्हीखाली मधोमध, दोन बसणाऱ्याच्या मागे, कानाच्या उंचीवर. मी जाणकारासारखी मान डोलावली आणि घरी येऊन पाचही शोकेसमध्ये ओळीने मांडले. मागे ठेवले तर पाहुण्यांना दिसणार कसे? वरचं प्लास्टिकही काढलं नाही, उगाच धूळ बसते. वूफरवर विणलेला रुमाल आणि रुमालावर फुलदाणी.

आणखी एक अक्कल चालवली. आमच्याकडे धान निघालं की विकेपर्यंत त्याचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, हॉलच्या भिंतींना लावून रचलेले असतात. होम थिएटरवाल्या घराला हे शोभतं का? कट्टे मागच्या खोलीत हलवले, गुळगुळीत फरशी बसवली, भिंतींना ऑइल पेंट मारला. मग बाबांना मानाने खुर्चीत बसवून आवाज पूर्ण सोडला. पहिली दाद स्वयंपाकघरातल्या ताटांनी दिली. फुलदाणी सरकत सरकत वूफरच्या काठाशी आली.

"आयकू येते का, बाबा?"

"भूकंप आयकू येते," बाबा म्हणाले. "बोलणं नाई येत." आणि उठून सपरीत गेले.

मी हार मानणारा नव्हतो. आठवडाभर आवाज वाढवत राहिलो. बाबा काही आत येईनात. शेवटी चिडून बायकोला म्हणालो, म्हणजे त्या गोंगाटात ओरडूनच सांगावं लागलं, "म्हाताऱ्याचे कानच गेले! मशीन काय करन?"

तिने टीव्ही बंद केला. "कान कायले बदनाम करता? कट्टे होते तवा घर असं घुमत नव्हतं."

तहसीलच्या बाबूला घरात बसून शहाणपण शिकवतात म्हणून मी हसून घेतलं. पुढच्या रविवारी मात्र कट्टे माझ्याच पाठीवर परत हॉलमध्ये आले. दुकानदाराचं चित्र तिने कॅलेंडरच्या मागे जपून ठेवलं होतं. तिने प्लास्टिक फाडलं, मधला स्पीकर टीव्हीखाली ठेवला, दोन स्पीकर बाबांच्या खुर्चीमागे कट्ट्यांवर. फुलदाणी उचलली आणि वूफरचं बटण जवळजवळ बंदच केलं. मग बाबांना हाक मारली.

मालिकेत एक सासू सुनेला झाडत होती. बाबा आधी पुढे वाकले, मग हळूच मागे टेकले. आणि हसले. आमच्याबरोबर, नेमक्या जागी.

"आता येते ना आयकू?" मी विचारलं.

"येते." त्यांची नजर टीव्हीवरून हलली नाही. "त्या दिवशी बी आलं होतं. माहे कान गेले म्हणून तू वरडला, ते सपरीत सबन आयकू आलं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"चूप राय जरा. सासू काई म्हणून राहिली."