ड्रिपमधला चिखल

“तुमच्या नळ्या गुंडाळा आणि घेऊन जा. सोमवारपासून आम्ही टँकर लावतोय.”

हडपसरमधल्या एका मोठ्या सोसायटीचे चेअरमन देशपांडे मला सांगत होते. बसा म्हणण्याचंही सौजन्य नाही.

सोसायटीत एसटीपी आहे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट. ते पाणी ड्रिपने बागेला द्यायचं काम मी केलं होतं. भर उन्हाळ्यात कडुनिंबाची आणि बहाव्याची कोवळी झाडं माना टाकत होती. ड्रिपच्या नळीवर थेंब थेंब पाणी सोडणारे ड्रिपर असतात. ते सगळे काळ्या, चिकट गाळाने बुजले होते.

“माल हलका वापरलात,” देशपांडे म्हणाले.

माझं डोकं फिरलं. शेतात पाइप वाहण्यापासून मी सुरुवात केली आहे. मला काही म्हणा, माझ्या मालाला नावं ठेवू नका.

“साहेब, तुमच्या प्लांटमधून येतंय ते पाणी नाही, गटार आहे. एक आठवडा द्या. चूक माझी निघाली तर सगळं फुकट बदलून देतो. तुमची निघाली तर?”

“आमची कशी निघेल?”

“मग आठवडा द्यायला घाबरता कशाला?”

शेजारी बसलेल्या सेक्रेटरी कांबळे मॅडम म्हणाल्या, “देऊन टाका हो. टँकर तरी कुठे वेळेवर येतात!”

एसटीपीत घाण खातात ते जिवाणू. त्यांना सतत हवा लागते. ती हवा फुंकणारं मशीन म्हणजे ब्लोअर. तो तासन्‌तास बंद राहिला की जिवाणू मरतात, पाणी सडतं आणि गाळ पुढे जातो.

सकाळी बघितलं, ब्लोअर व्यवस्थित चालू. दुसऱ्या दिवशी न सांगता दुपारी गेलो. प्लांटमध्ये शुकशुकाट.

“बिघडला का रे?” मी ऑपरेटर रफिकला विचारलं.

“नाही साहेब. जेवणानंतर बंद ठेवायचा. रात्री पण. वरून फोन येतो.”

“वरून म्हणजे ऑफिसातून?”

त्याने बोट वर केलं. प्लांटच्या बरोबर वर देशपांड्यांची बेडरूम होती.

मी तसाच जिना चढलो आणि बेल दाबली. दोनदा.

“ही काय यायची वेळ आहे?” देशपांडे बनियनवर, डोळे चोळत.

“तुमच्या वामकुक्षीसाठी खाली जिवाणू गुदमरून मरतायत. आणि बदनाम मी!”

“मला बीपी आहे. तो आवाज सहन होत नाही.”

“मग तसं सांगायचं! माझा माल हलका कशाला ठरवायचा?”

आतून त्यांच्या मिसेसचा आवाज आला, “अहो, त्यांना आत तरी घ्या. सगळी विंग ऐकतेय.”

आत जाऊन सौदा झाला. ब्लोअरखाली रबरी पॅड, वर सायलेन्सर, खोलीला आवाज अडवणारं अस्तर. खर्च सोसायटीचा. ड्रिपर मी धुऊन देणार. ब्लोअर मात्र कुणाच्याही फोनवर बंद होणार नाही. आणि माल चांगला होता हे त्यांनी मीटिंगमध्ये सांगायचं. या शेवटच्या अटीवर ते नुसतं “बघू” म्हणाले.

हळूहळू पाणी निवळलं, वास गेला. टँकर लागला नाही. कडुनिंबांना पालवी फुटली. काही बहावे मात्र गेले ते गेलेच.

वार्षिक सभेत देशपांडे उठले. “बागेच्या पाण्याचा प्रश्न मी सतत पाठपुरावा करून मार्गी लावला.” टाळ्या वाजल्या.

कांबळे मॅडमनी मलाही सभेला बोलावलं होतं. मी मागच्या रांगेतून उभा राहिलो. “साहेब, माल हलका होता का?”

“छे हो!” ते हसून म्हणाले. “असं कोण म्हणालं तुम्हाला?”

आता कोटेशन देण्याआधी मी प्लांटचं पाणी दुपारी तपासतो. आणि ब्लोअरच्या वर कोण राहतं, ते आधी विचारतो.